नानासाहेबांना बंद कोण करणार

ज्याला नाव असतं त्याला मान असतो, आणि ज्याला मान असतो त्याला हात लावायची कुणाची टाप नसते. धाराशिवच्या बसस्थानकामागच्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीची सगळी प्रगती या एका सत्यावर झालेली आहे.

आम्ही एका दूध संघासाठी सॉफ्टवेअर केलं. त्यात एकाच वेळी अनेक कामं चालतात. एक काम दुधाचं वजन घेतं, एक फॅट मोजतं, एक पावती छापतं. अशा प्रत्येक कामाला थ्रेड म्हणतात. बिघाड शोधायच्या डीबगरमध्ये हे थ्रेड पूर्वी नुसत्या आकड्यांनी दिसत (कैदी दिसतात तसे). आमच्याकडच्या मिनाज शेख हिनं तिथं नावं दिसतील अशी सोय केली. नावं ठेवली वजन, फॅट, पावती. काम चोख होतं, पण त्यात संस्कार नव्हते.

म्हणून माझ्या अध्यक्षतेखाली नामकरण समिती बसली आणि थ्रेडांना संघाच्या संचालकांची नावं दिली. पावतीला वीरभद्रअण्णा, फॅटला कल्याणप्पा. ज्या थ्रेडच्या हाती सगळ्यांची किल्ली असते (तो सोडेल तेव्हाच बाकीचे हलतात) त्याला अर्थातच चेअरमन नानासाहेब. ठरावाला शंभर टक्के मतं पडली. मिनाजला मत नव्हतं, ती कंत्राटी होती. पहिल्या दिवशी दूध अडलं नाही तर तिला कायम करायचं, असं ठरलं होतं.

पहिल्याच सकाळी अणदूरच्या केंद्रावर सगळं ठप्प. दूध घालायच्या रांगेत सगळ्यात पुढं असलेल्या मालनबाईंनी तिथूनच मिनाजला फोन लावला. "पोरी, ऊन वर आलंय, दूध नासायलंय की. तुमच्या मशीनला काय धाड भरली?"

मिनाजनं डीबगर उघडला. सगळे थ्रेड ताटकळत उभे, आणि किल्ली धरून बसलेले नानासाहेब.

"सर, ह्याला बंद करते. लगेच रांग सुटंल."

"ह्याला नव्हे, ह्यांना," मी म्हणालो. आणि बंद? चेअरमनना? आम्ही रीतसर संघाला विचारलं. संघानं कळवलं, की नानासाहेबांना बंद करायचा अधिकार फक्त नानासाहेबांना आहे, आणि ते उमरग्याला लग्नाला गेलेत (अक्षता पडेपर्यंत ते फोन घेत नाहीत).

"सर, दूध जायलंय. माझी नोकरी पण जायलीय."

खरं सांगतो, मला लई वाईट वाटलं. मी तातडीनं समिती बोलावून तोडगा काढला. त्या थ्रेडचं नानासाहेब हे नाव काढून तिथं मिनाज लिहिलं. मिनाजला बंद करायला कुणाचीच हरकत नव्हती. बटण तिनंच दाबलं आणि रांग सुटली. तोवर मालनबाईंनी नासलेलं दूध केंद्राच्या दारातच ओतून दिलं होतं.

चौकशीत संगणकातून अहवाल छापून निघाला. दूध कोणी अडवलं? मिनाज. संगणक खोटं बोलत नाही, म्हणून तिला त्याच संध्याकाळी कमी केलं. संकट निभावल्याबद्दल नानासाहेबांचा सत्कार केला.

तिची जागा आता रिकामी आहे. उमेदवार हुशार नसला तरी चालेल, सगळं डोळ्यांनी बघून गप्प बसणारा पाहिजे. तुम्ही इथवर वाचलंत आणि तिच्यासाठी एक शब्द बोलला नाहीत. सोमवारी रुजू व्हा, तुमच्या नावाचा थ्रेड करून ठेवलाय.