शाळवातलं विमान

"यंदा मी माळ्यावर बसणार न्हाई," भाकरी तव्यावर टाकता टाकता हरणाबाईंनी जाहीर केलं. "गोफण फिरवून फिरवून खांदा गेला माजा. पाखरं राखायची तर तुमी राखा."

लालासाहेबांच्या हातातला घास तिथंच थांबला. आटपाडीच्या रस्त्याला त्यांचं वावर होतं आणि दुष्काळानंतर पहिल्यांदाच त्यात शाळूची ज्वारी पुरुषभर वाढली होती. कणसं चिकात आली होती, आणि ही बातमी चिमण्यांना माणसांच्या आधी लागली होती. राखण झाली नाही तर खळ्यावर नुसती चिपाडं यायची. पण शेतातल्या उंच माळ्यावर चढून दिवसभर ओरडत बसणं हे त्या गावात बायकांचं काम, आणि लालासाहेब पडले पेन्शनीवरचे हवालदार. एकाहत्तरच्या लढाईत ते विमानतळावर होते. विमानातली पोती उतरून घ्यायची एवढंच त्यांचं काम, पण गावात लढाई सांगताना पोत्यांचा विषय राहून जायचा.

"कुणीच बसायचं न्हाई," ते म्हणाले. "आपण इमान बसवू. इमान आलं की कोसभर पाखरू ऱ्हात न्हाई, ह्या डोळ्यानं बघितलंय."

झालं, घरातलं मोडकंतोडकं लाकूड अंगणात आलं. गोठ्याच्या जुन्या दाराचे पंख झाले. डाव्या पंखाला कडी तशीच राहिली. पेरणीच्या पाभरीच्या तुटक्या दांड्याचं धड झालं आणि फुटक्या पाटाची शेपटी. साबणाच्या खोक्याच्या फळ्या तासून नाकावर फिरता पंखा बसवला. रंधा मारायला इलाही सुतार आला होता. सगळं झाल्यावर त्यानं भीत भीत विचारलं, हे उडणार का?

"उडायचं पाखरांनी," लालासाहेब म्हणाले. "ह्यानं नुसतं बसायचं."

पारावर मात्र शेजारच्या वावरातल्या आकारामनं त्यांना गाठलंच. पाखरं नाहीच हटली तर काय, असं त्यानं चारचौघांत विचारलं. मागं सरतील तर ते हवालदार कसले.

"तर मी सोता माळ्यावर चढंन. गोफण घिऊन, समद्या गावादेखत."

विमान माळ्यावर चढलं. वारा जोराचा होता, पंखा खडखडत फिरायला लागला आणि पाखरं जी उठली ती दिसेनाशी झाली. लालासाहेब मिशीला पीळ देत बांधावरून हिंडले. पण पुढं वारं पडलं. पंखा थांबला. एक साळुंकी चाचपत चाचपत शेपटीवर उतरली, तिनं बाकीच्यांना बोलावलं, आणि दुपारपर्यंत दोन्ही पंखांवर दाटीवाटी झाली. खाली जाऊन कणीस खायचं आणि वर येऊन चोच पुसायची, असा सगळा सुखाचा संसार सुरू झाला.

"लालासाब, गाडी भरली की," आकाराम बांधावरून म्हणाला. "घंटी मारा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी लालासाहेबांनी खुंटीवरची गोफण काढली. हरणाबाईंना राहवलं नाही. "ऱ्हाऊ द्या. जाते मीच," त्या म्हणाल्या. ते ऐकून लालासाहेबांना जास्तच वाईट वाटलं, आणि ते गोफण खांद्यावर टाकून निघाले.

हवालदार माळ्यावर चढणार ही बातमी त्यांच्या आधी शिवारात पोहोचली होती. वावरावावरांतले माळे रिकामे झाले. बायका, गडी, म्हातारीकोतारी बांधावर जमली. माळ्यावर विमानानंच जागा अडवली होती, तेव्हा लालासाहेबांना धडावर टांग टाकून घोड्यासारखं बसावं लागलं. खाली हशाचा कल्लोळ उठला. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी डबा बडवला. लालासाहेबांनी गोफणीत दगड घातला आणि नेम धरायला पाखरू शोधू लागले.

पाखरू सापडेना. विमानावर नव्हतं, शाळवात नव्हतं. त्यांनी नजर वर करून लांबवर पाहिलं आणि गोफण हळूच मांडीवर ठेवली.

"आकाराम," त्यांनी वरून विचारलं, "तुज्या वावरात राखणीला कोण हाय रं?"

"शालू हाय की."

"मग ही तुज्या शेजारी कोण उभी हाय?"

आकारामनं वळून पाहिलं. त्याची बायको शालूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांचं हसू जागच्या जागी जिरलं. पलीकडे आकारामच्या शाळवावर पाखरांचा ढग उतरत होता, आणि त्याच्या पलीकडच्या प्रत्येक वावराची तीच गत होती. बांधावरची माणसं लुगडी-धोतरं सावरत अशी पळाली, की माघारी कुणी राहिलं नाही.

लालासाहेब सावकाश खाली उतरले. साऱ्या शिवारात बिनपाखराचं वावर एकच होतं, ते त्यांचं.

संध्याकाळी आकाराम चार शेजाऱ्यांना घेऊन दारात आला. म्हणणं एवढंच, की विमान उतरवा. ते उभं आहे आणि हवालदार त्यावर बसताहेत तोवर राखणीची माणसं आपापल्या माळ्यावर टिकत नाहीत, जो तो तेच बघायला पळतो.

"उतरवतो की," लालासाहेब म्हणाले. "पर मंग माजं वावर कुणी राखायचं? हिचा तर खांदा गेलाय."

शेजारी एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी पाळीपाळीनं राखायचं ठरलं, आणि आग लावणारा म्हणून पहिली पाळी आकारामच्या गळ्यात पडली.

सकाळी हरणाबाई नवं लुगडं नेसून आटपाडीच्या बाजाराला निघाल्या. वावरापाशी आल्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि माळ्याकडे पाहून म्हणाल्या, "भावजी, खालच्या कोपऱ्याकडं बी बघा. होलं उतरल्यात कणसांवर."

आकारामनं निमूटपणे गोफणीत दगड घातला.