याकोब मास्तरांचं बाक

याकोब मास्तर दर गुरुवारी संध्याकाळी देवळात कुकर घेऊन यायचे. दांड्याला सुतळी गुंडाळलेला जुना कुकर, आत धुतलेले डाळ-तांदूळ, आणि दुसऱ्या हातात रॉकेलचा स्टोव्ह. देऊळ म्हणजे आमचं कसबा पेठेजवळचं दगडी चर्च. आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं त्याला देऊळच म्हणतो. मागच्या खोलीत मास्तर स्टोव्ह पेटवायचे, कुकर चढवायचे आणि आमच्यापैकी एकाकडे बोट दाखवून ओरडायचे, "हं, उभे राहा. करा उपदेश!"

हा मास्तरांचा वर्ग होता. विषय एकच, नवी मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्यांचा नवा समुदाय, कशी उभी करायची. शहर पसरत चाललं होतं. आमची माणसं हडपसरला, पिंपरीला, येरवड्याला राहायला गेली होती, आणि दोन बस बदलून पेठेत उपासनेला येणं त्यांना जमत नव्हतं. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, एकटे, ते कुठे कुठे पुरणार? तेव्हा तुम्ही साध्या नोकरदार माणसांनी तिकडे जायचं, कुणाच्या तरी घरात चार जणांना जमवायचं आणि तिथे मंडळी रुजवायची, असं मास्तरांचं म्हणणं होतं. म्हणणं कसलं, हुकूमच.

"पण कुकर कशाला, मास्तर?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"म्हणजे? एका खोलीच्या घरात उपासना, आणि बाईंनी कुकर लावायचा नाही? पोरांना उपाशी ठेवून तुमचं वक्तृत्व ऐकायचं?"

शिट्टीला जो अडखळला तो नापास. मास्तरांची हयात शाळेत गेलेली, त्यामुळे नापास करताना त्यांचा चेहरा खुलायचा. शिट्टी पुरली नाही तर ते स्वतः खाटेवरची सासू होऊन खोकायचे, दूधवाला होऊन दार ठोठावायचे, तान्हं पोर होऊन रडायचे. पोर होतानासुद्धा मिशा रागाने थरथरत असायच्या. माझी पाळी आली. मी "प्रियजनहो" म्हटलं, शिट्टी झाली, आणि मी थांबलो.

"टेलिफोन खात्यात ना आपण? तरीच. मधेच लाइन कट."

मग तोच वरण-भात ते आम्हाला वाढायचे, तोही खेकसतच. मीठ हमखास कमी असायचं. कुकर मास्तरीणबाईंचा होता. बाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. आम्हाला हे सगळं माहीत होतं, पण आम्ही तक्रार करायचो ती मिठाचीच.

मास्तरांना खरा संताप यायचा तो मात्र रुमालाचा. आमच्या देवळात लोक लवकर येऊन पंख्याखालच्या बाकावर रुमाल टाकून जागा धरायचे आणि बाहेर गप्पा मारत उभे राहायचे. मास्तर उपासनेआधी बाकांमधून फिरायचे आणि रुमाल जप्त करायचे. "देवाच्या घरात जागा धरता? एसटी आहे का ही?" माझा निळ्या काठाचा रुमाल असाच गेला. सुशीलाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याच्या कोपऱ्यावर नाव भरलं होतं. मी परत मागायला गेलो तर म्हणाले, "दवाखान्यात दिले सगळे. पट्ट्या बांधायला." सुशीला आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. मी मास्तरांच्या नावाने बोटं मोडली.

पंख्याखालचं तिसरं बाक हे आम्हा वर्गातल्या लोकांचं. मास्तर कडेला, मग हडपसरचे दोघे भाऊ, मग पिंपरीच्या नर्सबाई, मग आम्ही दोघं. मास्तरांनी आधी भावांना हाकललं. हो, हाकललंच. "झालं शिकून, निघा आता." मग नर्सबाईंना. आणि एका गुरुवारी कुकर उतरवता उतरवता माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आता तुम्ही. येरवडा."

मी भडकलो. माझं लग्न या देवळात झालं, माझा बाप्तिस्मा इथला. "माझे वडील याच बाकावर बसायचे, मास्तर!"

"मग त्यांना बसू द्या. तुम्ही उठा."

वर अट अशी की रविवारी इथे परत फिरकायचं नाही. "एक पाय इकडे, एक तिकडे, असल्याने मंडळी होत नाही. फाटते फक्त." आणि ते स्वतःही कुठल्या नव्या मंडळीत पाऊल टाकणार नाहीत. "मी आलो की लोक तुमच्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघतील." एवढा ताठा! सुशीला तर घरी येऊन रडली. पुढच्या रविवारी आम्ही येरवड्याला गेलो.

तिथली फजिती सांगायलाच हवी. ज्यांच्या घरी उपासना होती त्या बाईंनी आमचा मान म्हणून कुकर बंद केला, पोरांना बाहेर पिटाळलं, दाराला कडी लावली. मी उभा राहिलो. घरात चिडीचूप. आणि मला एक शब्द फुटेना! सगळी तयारी गोंगाटात झालेली, या शांततेचं करायचं काय? शेवटी सुशीला उठली, आत गेली आणि तिने स्टोव्ह पेटवून कुकर परत चढवला. पहिली शिट्टी झाल्यावर माझा आवाज सुटला. त्याही दिवशी मी मनातल्या मनात मास्तरांना शिव्याच दिल्या.

पण मंडळी रुजली. वर्षभरात खोली पुरेना, लोक दाराबाहेर बसायला लागले. मास्तरांना निरोप पाठवला, तर उलट निरोप आला, "मग दार मोठं करा."

एका रविवारी त्या घरात साखरपुडा होता, म्हणून उपासना संध्याकाळी ठेवली. सकाळ मोकळी होती. सुशीला म्हणाली, "चला ना. मागे उभे राहू, कुणाला दिसणार नाही." आम्ही चोरासारखे आमच्याच देवळात शिरलो.

पहिलं गीत चालू होतं. तिसऱ्या बाकावर कडेला मास्तर एकटे बसले होते. पाठ वाकली होती. बाकीचं बाक रिकामं, पण नुसतं रिकामं नाही. ओळीने रुमाल अंथरले होते, धुतलेले, इस्त्री केलेले. दोन भावांच्या जागी दोन. नर्सबाईंच्या जागी फुलांचा. त्याच्या पलीकडे, माझ्या जागेवर, माझा निळ्या काठाचा.

एक तरुण जोडपं तिथे बसायला गेलं. मास्तर गीत थांबवून गुरगुरले, "दिसत नाही? जागा धरली आहे."

मला असा राग आला की कानशिलं तापली. आम्हाला हाकलणाऱ्या या म्हाताऱ्याचा राग, गुपचूप निघून गेलेल्या आम्हा सगळ्यांचा राग. कुणी एकाने तरी भांडून बसून राहायला हवं होतं. मी तरातरा बाकाजवळ गेलो. सुशीला मागून आली.

मास्तरांनी वर पाहिलं. क्षणभर त्यांच्या मिशा हलल्या, पण आवाज आला तो नेहमीचाच. "येरवड्याला कोण आहे?"

"उपासना संध्याकाळी आहे, मास्तर."

"मग सकाळी घरोघर जा. आजारी माणसं बघा. इथे काय आहे तुमचं?"

सुशीलाने माझ्या जागेकडे बोट दाखवलं. "रुमाल आहे आमचा. द्या तो."

मास्तरांनी हात लांब करून रुमालाची मुडपलेली कड सरळ केली, आणि हात त्याच्यावरच ठेवला.

"नाही मिळायचा," ते म्हणाले. "निघा तुम्ही."