भाऊरावांनी कॉम्प्युटर झाडला

भाऊरावांनी सारी नोकरी जबलपूरच्या एका सरकारी कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली. रिटायर झाल्यावर स्टोअर कारखान्यात राहिलं आणि स्टोअरकीपर तेवढा घरी आला. तिथला नियम असा, की जी वस्तू वापरात नाही आणि जागा अडवते, तिला लाल चिठ्ठी बांधायची, मग ती भंगारात. घरी बसल्याबरोबर भाऊरावांनी पुरणयंत्राला, शिलाई मशीनला आणि भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोला लाल चिठ्ठ्या बांधल्या. हेमलताबाईंनी त्या फाडल्या आणि बजावलं, की पुन्हा घरात लाल कागद दिसला तर जेवण बंद. (फोटोचं त्या अजून काढतात.)

तर या हेमलताबाई त्या आठवड्यात बंगळुरूला होत्या. मुलाला, विपुलला, मुलगी झाली होती आणि तिचं बारसं होतं. भाऊरावही जायचे, पण लेक वैभवी स्कूटीवरून पनागरच्या रस्त्यावर अशी आपटली, की पाय प्लास्टरमध्ये गेला आणि फोन गोहलपुरात दुरुस्तीला. तिच्यापाशी कोणीतरी थांबायला हवं होतं. आता बारशात बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानंच, आणि तोवर ते कुणाला कळू द्यायचं नाही. वैभवी पहिल्यांदाच आत्या झाली होती. पाय मोडला तेव्हा बिचारी रडली नाही, बारसं चुकणार म्हणून मात्र दिवसभर रडली.

शेवटी असं ठरलं, की तिनं घरच्या कॉम्प्युटरवरून व्हिडिओ कॉलवर यायचं आणि विपुलनं लॅपटॉप पाळण्यात धरायचा. भाऊरावांच्या फोनचा काही उपयोग नव्हता. तो बटनांचा.

कॉम्प्युटर म्हातारा होता. विपुल कॉलेजात असताना घेतलेला. सुरू व्हायला चहा उकळेल इतका वेळ लावायचा, पण एकदा लागला की चालायचा. वैभवीनं आदल्या दिवशी कॉल करून पाहिला, तो नीट लागला, आणि तिनं बापाला हात जोडून सांगितलं, "बाबा, आता त्याला हात नका लावू. जसा आहे तसा राहू द्या."

माणसाला एवढं सांगितलं की तो हात लावणारच. वैभवी दुपारी झोपली आणि भाऊरावांच्या मनात आलं, पोरीचं इतकं मोठं काम, मशीन जरा चटपटीत करून ठेवलं तर काय बिघडलं? त्यांनी मेमरी साफ करणारा एक फुकटचा प्रोग्राम उतरवून घेतला. त्यावर एक झाडू होता आणि एक लाल पट्टी. पट्टी सांगत होती, की मेमरी जवळजवळ गच्च भरली आहे.

भाऊरावांना घाम फुटला. उद्या इन्स्पेक्शन आणि आज स्टोअर गच्च! त्यांनी माऊसनं झाडू दाबला. झाडू फिरला, पट्टी अर्ध्यावर आली आणि हिरवी झाली. इतकं सुख त्यांना पेन्शन सुरू झाली तेव्हाही झालं नव्हतं. पण चष्मा पुसेपर्यंत पट्टी पुन्हा लाल. त्यांनी पुन्हा झाडलं. पुन्हा लाल. मग त्यांनी दुसरा झाडू आणला. दुसऱ्यानं कळवलं, की पहिलाच फार जागा खाऊन राहिला आहे. तेव्हा त्या दोघांवर नजर ठेवायला तिसरा आणला. (स्टोअरमध्येही असंच होतं. चोरी झाली की वॉचमन वाढायचे आणि मग वॉचमनना बसायला जागा पुरायची नाही.) तिसऱ्यात एक सोय होती: जो प्रोग्राम फार मेमरी खाईल, तो आपोआप बंद. किती कडक ठेवायचं, असं त्यानं विचारलं. भाऊरावांनी आयुष्यात कधी ढिलं ठेवलं नव्हतं. त्यांनी सगळ्यात कडक ठेवलं, आणि समाधानानं पान खायला गेले.

बारशाच्या दिवशी वैभवी नवी साडी नेसून कॉम्प्युटरसमोर बसली, प्लास्टरचा पाय स्टुलावर. नाव सांगून झालं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत असते, त्यासाठी शेजारच्या विनीताकाकू मुद्दाम आल्या होत्या आणि बाह्या सरसावून मागे उभ्या होत्या. कॉल लागला. पाळणा दिसला, फुगे दिसले, हेमलताबाई दिसल्या आणि त्यांनी आधी भाऊरावांना शर्टाचं वरचं बटन लावायला सांगितलं. मग तिकडे बायकांनी पाळणा म्हटला. विपुलनं लॅपटॉप पाळण्यात नेला. एवढुसं गुलाबी तोंड पडदाभर झालं आणि वैभवीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती पुढे वाकली.

"कुर्र..." ती म्हणाली.

पडदा काळा झाला. डावीकडून एक झाडू आला, उजवीकडे गेला, आणि मागे अक्षरं उमटली: "बधाई हो! एक भारी प्रोग्राम बंद कर दिया गया."

विनीताकाकूंचा हात वर होता तसाच राहिला. वैभवीनं मान वळवून बापाकडे पाहिलं.

"बाबा, हे झाडू कोणं आणले?"

"तीनच आहेत," भाऊराव म्हणाले.

"काहून? चालूच तर होतं न ते!"

"पट्टी लाल होऊन राहिली होती, बेटा."

तिनं कॉल पुन्हा लावला, तो पुन्हा झाडला गेला. मशीन बंद करून सुरू केलं, तर तिन्ही झाडू आधी जागे झाले आणि एकमेकांना झाडत बसले. वैभवी आता हुंदके देत होती. भाऊरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्यात त्यांच्या खिशात फोन वाजला. पलीकडे विपुल विचारत होता, की काय झालं, बाळ रडून राहिलं आहे, आई चिडली आहे.

वैभवीनं बापाच्या हातातून फोन ओढला. "दादा, कॉम्प्युटर जाऊ दे. तुझा फोन तिच्या कानाला लाव. एकदम जवळ."

मग तिनं तोंडापाशी हात धरला आणि हळूच नाव सांगितलं, इतकं हळू, की खोलीत कुणालाच ऐकू आलं नाही. तिकडे बाळ रडायचं थांबलं. "रेवा," मग तिनं मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं, आणि जबलपूरच्या ज्या नदीत पोहायला शिकलो तिचंच नाव लेकीला मिळालं म्हणून विपुलनं ते तिकडे सगळ्यांना पुन्हा ओरडून सांगितलं. खरं सांगायचं तर पडद्यावरून हे असं जमलं नसतं. भाऊराव तेच सांगायला तोंड उघडत होते, पण विनीताकाकूंचे धपाटे अजून शिल्लक होते. पाय मोडलेल्या पोरीला कुठे मारायचं, म्हणून त्यांनी सगळे भाऊरावांच्या पाठीत घातले. वैभवीनं मोजले नाहीत आणि थांबवलेही नाहीत.

पुढच्या आठवड्यात हेमलताबाई परतल्या. तोवर वैभवीनं तिन्ही झाडू काढून टाकले होते आणि कॉम्प्युटर पुन्हा चहा उकळेल इतक्या वेळात सुरू होत होता. आश्चर्य म्हणजे हेमलताबाई भाऊरावांना एक शब्द बोलल्या नाहीत. उलट भरली वांगी केली. भाऊराव पोटभर जेवले, सुटलो म्हणाले आणि आरामखुर्चीत झोपले.

चहाच्या वेळी जाग आली, तर सदऱ्याच्या बटनाला एक लाल चिठ्ठी बांधलेली. अक्षर हेमलताबाईंचं होतं.

"भाऊराव. नग एक. रिटायर झाल्यापासून वापरात नाही. जागा अडवतो, आवाज करतो. भंगारवाल्याला विचारलं, नको म्हणाला. सबब घरातच ठेवणे."

भाऊरावांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मजकुरात नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त खाली स्टोअरकीपरची सही नव्हती, आणि सहीशिवाय चिठ्ठी चालत नाही. त्यांनी पेन मागवलं आणि सही केली.