वाय दाबावा किंवा एन दाबावा

"हात काढ! आधी हात काढ तिथून!"

बडे बाबू कृष्णराव यांनी तेजरामचे मनगट असे धरले, की जणू तो साहेबांच्या खिशात हात घालत होता. तेजराम बिचारा फक्त एक बटण दाबणार होता.

१९८८ सालची गोष्ट. भंडाऱ्याच्या त्या सरकारी कार्यालयात वर्षापूर्वी एक कॉम्प्युटर आला होता. जुना प्रोग्राम वरचेवर अडायचा, म्हणून नागपूरहून नवा प्रोग्राम दोन फ्लॉप्यांत भरून आला. आठ दिवसांचे प्रशिक्षण घेतलेला अख्ख्या कार्यालयात एकटा तेजराम. त्याची गावाकडे, सिहोऱ्याच्या उपकार्यालयात बदली झाली होती. पण अट अशी, की नवा प्रोग्राम बसवायचा आणि मगच जायचे. घरी बायको रुखमिणी आणि दोन वर्षांची पोरगी. बाप फक्त रविवारी दिसायचा, त्यामुळे पोरगी त्याला पाहिले की आत ओरडायची, "आई, पाहुना आला!" हे तेजरामच्या फार जिव्हारी लागायचे.

आणि आता पहिली फ्लॉपी घातल्यावर पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला होता.

"काय म्हन्ते तो?" कृष्णरावांनी विचारले.

"जुना प्रोग्राम पुसून नवा टाकू काय, म्हन्ते. हो असन तं वाय दाबा, नाही असन तं एन."

"पुसून? सरकारी वस्तू पुसाचा अधिकार तुले कोनं देल्ला?"

"जुना पुसल्याबिगर नवा बसत नाही जी!"

"मंग एन दाब."

"एन दाबला तं नवा येनारच नाही."

"पाह्य! दोन्हीकडून फासी. टिप्पणी ठेवा लागते, बाबू."

टिप्पणी कृष्णरावांनी स्वतः लिहिली. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही निर्णय घेतला नव्हता, आणि निवृत्तीला चार महिने उरले असताना हा डाग लावून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी लिहिले, "वाय दाबावा किंवा एन दाबावा. आदेशार्थ सादर."

फाईल वर गेली. प्रत्येक टेबलावर तिला "चर्चा करावी" असा शेरा मिळाला आणि चर्चा कोणीच केली नाही. इकडे यंत्र पाच दिवस, पाच रात्री तोच प्रश्न विचारत चालू राहिले. ते तापू नये म्हणून साहेबांच्या खोलीतला टेबलफॅन त्याच्यासमोर आणला. कोणाचा हात लागू नये म्हणून पट्टेवाला डोमा स्टूल टाकून पहाऱ्याला बसला. लाईट जाऊ नये म्हणून तो नवसही बोलला. लाईट गेली नाही, हा एकच चमत्कार त्या आठवड्यात घडला.

शनिवारी सकाळी फाईल परत आली. मोठ्या साहेबांनी खाली एकच शब्द लिहिला होता: "मान्य."

"काय मान्य?" तेजराम ओरडला. "वाय का एन? विचारा ना साहेबाले!"

"साहेबाच्या सहीले सवाल करतेत काय बे? मान्य म्हंजे दोन्ही मान्य."

तेजरामने वाय दाबला. दुसरी फ्लॉपी घातली. चार मिनिटांत नवा प्रोग्राम बसला आणि पाखरासारखा चालू लागला. डोमाने हात जोडले. तेजरामने पिशवी उचलली.

"कोठी चालला?" कृष्णराव म्हणाले. "एन राहिला ना. अर्धी अंमलबजावणी करून पळतं काय?"

आता या माणसापुढे कोण डोके फोडणार! तेजरामने दात-ओठ खात पहिली फ्लॉपी पुन्हा घातली, प्रश्न पुन्हा आणवला आणि एन दाबला. पडद्यावरचा प्रश्न गुपचूप निघून गेला. नव्या प्रोग्रामला धक्काही लागला नाही. कृष्णरावांचा चेहरा उजळला. "आता कसं! कोनी बोट दाखवून सांगावं!"

"आता तं सोडा मले जी. पोरगी वाट पाहून राहिली."

"सोडतो ना. मी काय वैरी हाओ तुया? पन सोडाचा अधिकार माह्या हातात नाही." आणि लगेच त्यांनी लिहायला घेतले, "श्री. तेजराम यांना सोडावे किंवा सोडू नये. आदेशार्थ सादर."

"बडे बाबू, पाया पडतो तुमच्या, हे 'किंवा' नोका लिहू!"

पण फाईल गेलीसुद्धा. साहेबांना त्या दिवशी नागपूरला जायचे होते, त्यामुळे ती दहा मिनिटांत परत आली. "मान्य."

तेव्हापासून तेजराम सकाळी भंडाऱ्याच्या हजेरीपटावर सही करतो, कॉम्प्युटरला दोन तास देतो आणि दुपारच्या एसटीने सिहोरा गाठून तिथल्या हजेरीपटावर सही करतो. सकाळी पुन्हा भंडाऱ्यात हजर राहायचे, म्हणून संध्याकाळच्या गाडीने परत. रविवारी दिवसभर तो झोपलेला असतो. घर बसच्या रस्त्यावरच आहे. रुखमिणी रोज पोरीला कडेवर घेऊन उभी राहते आणि खिडकीतून डबा देते.

परवा तिने पोरीला विचारले, "सांग पाहू, कोन हाये हा?"

पोरीने बापाच्या खांद्यावरची पिशवी नीट पाहिली. ती आता त्याला पाहुणा म्हणत नाही.

"कंडक्टर!" ती म्हणाली.