पारडू, पूर आणि प्रमुख पाहुणे

एका जंगलात, म्हणजे जंगल संपून वाडी सुरू होते तिथल्या टेकडीवर, मी राहत होतो. मी गाढव. हे मी विनयानं सांगत नाही, बाळांनो, जन्मानंच गाढव आहे. पुढचं ऐकल्यावर तुमची खात्रीच पटेल.

त्या साली नदीला मोठा पूर आला. वाडीतली माणसं घाईघाईनं पलीकडच्या काठावरच्या शाळेत गेली. त्या घाईत गोठ्यातली दावी सोडायची राहिली. गोठ्यात भुरी नावाची म्हैस होती आणि तिचं पारडू होतं. म्हशीला पोहता येतं, पारडालाही येतं. पण खुंट्याला बांधल्यावर कुणालाच पोहता येत नाही. पाणी पारडाच्या पोटाला लागलं होतं आणि वाढत होतं.

टेकडीवरून आम्हाला हे सगळं दिसत होतं. आमचं काळीज हललं. लगेच सभा भरली आणि बचाव समिती स्थापन झाली. हरीण अध्यक्ष, ससा चिटणीस. माकडांनी केळीच्या खांबांचा तराफा बांधला. घूस म्हणाली, मी त्यावर बसून जाते, दावी कुरतडते आणि येते. काम एवढंच होतं.

पण असं उठून कुणी जातं का? आमच्या जंगलात पाणवठ्यातलं शेवाळ काढायचं तरी आधी फीत कापतात. तराफ्यालाही फीत बांधली. कात्री नव्हती, म्हणून कात्रीच्या जागी घूस बसवली. पाहुण्यांनी पंजा लावायचा, तिनं दात लावायचे, असं ठरलं.

प्रमुख पाहुणे म्हणून वाघोबांचं नाव एकमतानं पुढे आलं. गुराढोरांविषयी त्यांच्याइतकी ओढ आमच्यात कुणालाच नव्हती. सूत्रसंचालन माझ्याकडे आलं, कारण माझा आवाज लांबवर जातो.

वाघोबांना उशीर झाला. तोवर श्रोत्यांना धरून ठेवणं माझ्याकडे होतं. मी स्वागतगीत म्हटलं. अध्यक्षांचा परिचय करून दिला, तोही त्यांच्या आजोबांपासून. मध्येच खालून पारडू ओरडायला लागलं. मी कार्यक्रम थांबवला आणि गोठ्याकडे तोंड करून शांतता राखण्याची विनंती केली.

तेवढ्यात भिजलेल्या मातीतून भुरीचा खुंटा उपटून निघाला. ती पोहत टेकडीला लागली. गळ्यात खुंटा लोंबत होता. उद्घाटनाआधीच वाचून तिनं आमची मोठी पंचाईत केली. मी तिला हळूच विचारलं, थोडा वेळ परत जाऊन उभं राहता येईल का?

"गाढवदादा, माझा खुंटा निघाला, लेकराचा निघंना," ती म्हणाली. "पानी त्याच्या नाकाला आलंय. घुशीला तेवढं धाडा."

"पाहुणे निघालेत, वहिनी. पाचच मिनिटं."

भुरीनं माझ्याकडे पाहिलं. मग घुशीकडे पाहिलं. एखादी आई तसं बघायला लागली की बसून राहणं अवघड असतं. मला जमलं, घुशीला जमलं नाही. ती फितीखालून सटकली आणि म्हशीच्या शिंगाला धरून बसली. दोघी पाण्यात उतरल्या. कार्यक्रमपत्रिकेत हे नव्हतं, म्हणून मी त्याचा उल्लेख टाळला.

आणि वाघोबा आले. शाल झाली, श्रीफळ झालं. खुर्चीत बसून ते हळव्या आवाजात म्हणाले, "पारडू कुठंय? मला त्याला जवळून भेटायचंय."

मला गहिवरून आलं. पाहतो तर पाण्यात तिघं दिसली. दावं तुटलं होतं. पारडू आईला चिकटून पोहत होतं आणि त्याच्या डोक्यावर घूस बसली होती. खरं सांगतो, माझे डोळे भरले. मी सगळा जोर लावून ओरडलो, "इकडे या, पाहुणे तुमचीच वाट पाहताहेत."

भुरीनं मान वर केली. खुर्चीत कोण आहे ते पाहिलं आणि वळली. तिघंही पलीकडच्या काठाला लागली. तिथं शाळेतल्या माणसांनी पारडाला स्वतःच्या गोधड्यांत गुंडाळलं. आम्हाला मात्र आभाराचा एक शब्द नाही. समितीच्या मनाला फार लागलं.

वाघोबा जागचे हलले नाहीत. पूर आल्यापासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. त्यांनी विचारलं, आयोजक कोण? तेव्हा अध्यक्षांना आणि चिटणिसांना एकदम आठवलं की मूळ कल्पना माझीच. मग बाकीची मंडळी कधी पांगली ते कळलंच नाही.

वाघापुढे गाढव पळून पळून किती पळणार? मग मला जे येतं तेच मी केलं. आभारप्रदर्शन सुरू केलं. केळीचे आभार मानले, नदीचे मानले, पावसाचे मानले. पाहुण्यांच्या मिशांचे वेगळे मानले. वाघोबांनी एक जांभई दिली, मग आणखी एक. मी पावसाच्या नक्षत्रांचे नावानिशी आभार मानत होतो, तेव्हा ते खुर्चीतच घोरायला लागले. मी पाय न वाजवता निघालो. इतकी भाषणं करून त्या दिवशी मी एकच जीव वाचवला, आणि तो माझा होता.

तात्पर्य : पुरात अडकलेल्यांना वाचवायला पोहता आलंच पाहिजे असं नाही, भाषण लांबवता आलं पाहिजे. बुडणाऱ्याला मात्र आई असावी.