अण्णा लिमये आणि नवरंग

ठाण्यातले आमचे शेजारी अण्णा लिमये उन्हाळा लागला की बोलणं बंद करत. घसा बसलेला नसे, व्रतही नसे. पाखरं बघायला जाणाऱ्याने जीभ घरी ठेवावी, असं त्यांचं मत. पूर्वी हा नियम रानापुरता होता. त्या वर्षी मात्र ऐनवेळी सवय मोडू नये म्हणून त्यांनी तो घरीही लागू केला. डोक्यावर तीन बोटं उभी केली की बुलबुल, नाकासमोर तर्जनी ताठ धरली की खंड्या, तळवे मिटून उघडले की फुलपाखरू.

हीच भाषा रेशनच्या दुकानातही चाले. साखरेला त्यांनी बगळ्याची खूण ठरवली होती, रंग पांढरा म्हणून. अण्णा एका पायावर उभे राहिले की दुकानदार मुकाट्याने साखर तोलायला घेई. लिमयेकाकू मात्र वैतागल्या होत्या. "एरवी तरी कुठे बोलायचे," त्या माझ्या बायकोला सांगत, "पण निदान चहा तरी म्हणायचे."

त्या वर्षी अण्णांना नवरंग पक्षी बघायचाच होता. पावसाच्या तोंडावर येणारा आणि अंगावर इतके रंग बाळगूनही पाचोळ्यात दडून राहणारा हा पाहुणा त्यांना दोन-तीन वर्षं हुलकावणी देत होता. सोबतीला त्यांनी मला निवडलं. मला कावळा आणि चिमणी सोडून काही ओळखता येत नाही. तरीही निवड झाली म्हणून मी जरा फुगलोच.

पहाटे निघालो. कोलशेतच्या वाटेवर अण्णांनी काहीतरी खूण केली, मी भलतीच उलट खूण केली, आणि आमचं हातवारे करत चक्क भांडण जुंपलं. समोरून टोपली घेऊन येणारी कोळीण थबकली.

"दोगं बी मुकं. देवा रं," ती हळहळली आणि सुकटीची पुडी अण्णांच्या हातात कोंबून गेली.

शेजारच्या फांदीवर हळद्या बसलेला, त्यामुळे तोंड उघडून नको म्हणायची सोय नव्हती. कांदासुद्धा न खाणारे अण्णा धोतराच्या सोग्यात सुकट बांधून, नाक वर करून डोंगराच्या झाडीत शिरले.

करवंदीच्या जाळीआड बसलो. थोड्या वेळाने डावीकडून दोन सुरांची स्वच्छ शिट्टी आली. अण्णा उजवीकडेच बघत होते. पुन्हा आली, अगदी जवळून. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मग माझ्या लक्षात आलं. अण्णांना ऐकू येत नव्हतं. उन्हाळाभर घरात खुणा कशासाठी चालल्या होत्या आणि मला कशाला आणलं होतं, तेही कळलं. मला फार वाईट वाटलं.

वडीलधाऱ्या माणसाच्या हनुवटीला हात लावू नये. मी लावला आणि त्यांचं तोंड डावीकडे वळवलं.

हिरवा, निळा, पोटाशी तांबडा नवरंग पाचोळ्यात उड्या मारत होता. मान वर करून त्याने चोच उघडली. अण्णांचे डोळे भरून आले.

"बोलतोय का रे तो?" त्यांनी विचारलं.

आपल्या मते ते कुजबुजले असावेत. सगळी झाडी दणाणली आणि नवरंग भुर्रकन उडाला.

अण्णा ओशाळले. "हिला सांगू नकोस," ते म्हणाले. मग कान माझ्या तोंडाशी आणला. "काय म्हणाला तो?"

मला शिट्टी धड वाजवता येत नाही. तरी जमेल तशी दोन सुरांत वाजवली. अण्णांनी डोळे मिटले, मान हलवली.

"जोरात वाजव रे," ते म्हणाले. "आता उडायला आहे कोण इथे?"