रक्ताचं वय

अण्णा नाडगौडा स्वतःची ओळख करून देताना दोन वयं सांगत. "जन्माचं एकाहत्तर, रक्ताचं सत्तावन्न." समोरचा माणूस लिफ्टमध्ये असला, तर सातव्या मजल्यापर्यंत त्याची सुटका नसे.

आमच्या बेळ्ळंदूरच्या सोसायटीत मराठी घरं मोजून अकरा. अण्णा मूळचे बेळगावचे. जन्मभर सरकारी कारखान्यात, तपासणी विभागात. केसभर चुकलेला भाग त्यांनी कधी पुढे जाऊ दिला नाही. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी स्वतःचं रक्त धरलं. दर तीन महिन्यांनी नळ्या भरून द्यायचे. साखर, सूज, मूत्रपिंड अशा आकड्यांवरून लॅब त्यांना रक्ताचं वय काढून देई. त्याचा आलेख फ्रिजवर चिकटवलेला. शंभरी गाठायची, हे ठरलेलं होतं. "हे बघा, आकडा खोटं बोलत नाही. सरी?" हे त्यांचं अर्धं कानडी पालुपद; 'सरी' म्हणजे 'बरोबर ना'. एकदा भाजीच्या गाडीपाशी सगळ्यांदेखत त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "वहिनी, तुमची सूज किती?" दोन दिवस घरात अबोला होता. तोही माझ्याशी, कारण मी हसलो.

मी हसतोच. विनोद सुचला की दाबून ठेवणं मला जमत नाही, आणि लोक हसले की अंगात वारं शिरतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना मला लाज वाटणार आहे.

यंदा अण्णांनी बायकोलाही, म्हणजे सुमाक्कांनाही, तपासणीला नेलं. "मला काय धाड भरलीय?" म्हणत त्यांनी दोन वर्षं टाळलं होतं. सगळ्यांचं आटोपल्यावर ओट्यापाशी उभ्यानेच चार घास खाणाऱ्या बाई त्या. अहवाल आले आणि अण्णांनी स्वतःच जाहीर केलं: सुमाक्का अठ्ठावन्न, आणि अण्णा एकोणऐंशी!

मला घबाडच मिळालं. "तीन महिन्यांत बावीस वर्षं! अण्णा, दिवाळीपर्यंत शंभरी गाठताय." गणपतीच्या कार्यक्रमात मी त्यांना स्टेजवर बोलावलं, शाल पांघरली आणि हातात काठी दिली. लोक पोट धरून हसले. अण्णाही हसले. काठी घरीसुद्धा घेऊन गेले.

पूर्वी सोसायटीजवळच्या तळ्याच्या बाजूने तरातरा चालणारे अण्णा आता अगदी हळू चालू लागले. सुमाक्का त्यांचा कोपर धरून बरोबर. "यांना एकटं कसं सोडायचं?" असं म्हणत जन्मात न चाललेल्या बाई सकाळ-संध्याकाळ चालायला लागल्या. त्या शेजारी बसल्याशिवाय अण्णांना घास उतरेना, म्हणून त्याही ताटावर बसून गरम भाकरी आणि पालेभाजी खाऊ लागल्या. मला मात्र यातून फक्त नकला सुचल्या.

गेल्या रविवारी माझा रक्ताचा अहवाल दाखवायला मी त्यांच्याकडे गेलो. अण्णा चष्मा शोधायला आत गेले, तेवढ्यात मी टेबलावरची त्यांची फाइल उघडली. एकोणऐंशीवाला कागद वरच होता. त्यावर अण्णांचं नाव, पण खाली बारीक अक्षरात, हिमोग्लोबिनपुढे, 'सामान्य प्रमाण, स्त्रिया'.

"अण्णा!" मी ओरडलो. "लॅबवाल्यांनी तुम्हाला बाई केलं की हो!"

सुमाक्का कॉफी घेऊन आल्या होत्या. त्यांनी ट्रे ठेवला आणि माझ्या हातातून कागद घेतला. मग फाइलमधला दुसरा, त्यांच्या नावाचा. त्याच्यावर 'पुरुष' होतं. दारात उभ्या अण्णांचा चेहरा बघितला आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एकोणऐंशी हे सुमाक्कांचं वय होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्या माणसाने अहवाल घरी छापताना नावांची अदलाबदल केली होती आणि बारीक अक्षरं तशीच राहिली होती.

"ते स्वल्प... प्रिंटिंग मिस्टेक," अण्णा म्हणाले.

"आकडा खोटं बोलत नाही म्हणता ना तुम्ही?" सुमाक्कांनी हळूच विचारलं.

अण्णा आत येऊन खुर्चीत बसले. मग म्हणाले, "डॉक्टर म्हणाले, चालायला लावा, नीट खायला घाला. स्वतःसाठी तू चालली असतीस काय गं कधी?"

माझी कानशिलं तापली. एवढे महिने तो माणूस माझी थट्टा झेलत होता, बायकोचं वय अंगावर घेऊन. कोणी सांगितलं असतं तरी मला ते हसण्यावारीच न्यायचं सुचलं असतं. कढत कॉफी एका दमात घशाखाली घालून मी तिथून पळालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माफी मागायला खाली उतरलो. दोघं गेटकडून येत होते, त्याच संथ चालीने. फक्त आज कोपर सुमाक्कांचा होता आणि तो अण्णांनी धरला होता. सुमाक्कांच्या दुसऱ्या हातात मी थट्टेने दिलेली काठी होती. ती टेकत त्या जपून एकेक पाऊल टाकत होत्या.

मी पाण्याच्या टँकरमागे सरकलो आणि ते पुढे जाईपर्यंत तिथेच उभा राहिलो.